थेटरापुढचा बांध

नाटक कंपन्यांमध्ये खाडीकाठच्या आमच्या या नाट्यगृहाची एकच बदनामी होती. इथे प्रयोग वेळेवर सुरू होत नाही. वाशीला होतो, पनवेलला होतो, इथे मात्र पाच-सात मिनिटं जातातच. सुरुवातीला कंपन्यांचे मॅनेजर आदळआपट करायचे. पुढे त्या उशिराला नावच पडलं, कमळाकर टाइम. रंगपटात जुने नट नव्या पोरांना सांगायचे, "घाई करू नकोस रे, इथे कमळाकर टाइम आहे. अजून एक चहा होतो."

कमळाकर म्हणजे नाट्यगृहाच्या दारावरचा माणूस. तिकीट फाडायचं, अंधारात विजेरी मारून खुर्ची दाखवायची आणि घंटा द्यायची, ही त्याची कामं. घंटेचं बटण दर्शनी दारामागच्या कोनाड्यात. आत पडद्यामागची मंडळी तयार झाली की कोनाड्यातला तांबडा दिवा लागतो आणि मग कमळाकरने बटण दाबायचं. पहिली घंटा, दुसरी घंटा, तिसरी घंटा. तिसरी झाली की दारं बंद आणि पडदा वर.

पहिल्या दोन घंटा ऐकून आत जाणं आपल्या प्रेक्षकाला कमीपणाचं वाटतं. तो रस्त्याच्या पलीकडच्या टपरीवर चहा पीत उभा असतो आणि तिसरी वाजली की बशीतला चहा घशात ओतून पळत सुटतो. त्याला ऐकू जावी म्हणून कोण्या हुशार माणसाने घंटेला बाहेर एक भोंगाही बसवला होता. म्हणजे भोंगा वाजायचा आणि सत्तर-ऐंशी माणसं, त्यात पैठण्या नेसलेल्या बायका आणि गुडघे बदललेले आजोबा, एकदम रस्त्यात उतरायची. रस्ता कसला तर हायवेवरून उतरलेल्या गाड्यांना मोकळं रान. माणसांनी ओलांडायचे पांढरे पट्टे होते एकेकाळी. ते पुसले गेल्याचंही लोक विसरले होते.

आणि कमळाकरचा हात या रस्त्यापायी बटणावर अडायचा. तांबडा दिवा लागला तरी तो आधी दाराच्या काचेतून बाहेर बघायचा. डंपर येतोय? जाऊ दे. बस येतेय? जाऊ दे. रस्ता मोकळा दिसला की मगच दाबायचा. आतून फोन यायचे, मॅनेजर अभय डोळे वटारायचा, दोनदा मेमो मिळाला. कमळाकर मान खाली घालून ऐकून घ्यायचा आणि पुढच्या प्रयोगाला पुन्हा काचेतून बघायचा.

याचं कारण त्याच्या घरातच होतं आणि ते साऱ्या गावठाणाला माहीत होतं.

कमळाकर मूळचा इथलाच, नाट्यगृहासमोरच्या आगरी गावठाणातला. आज जिथे हे नाट्यगृह आहे तिथे त्याच्या बापाची खारी भातशेती होती. शहर आलं, शेती गेली, बदल्यात काही वर्षांनी कमळाकरला या दारावर नोकरी मिळाली. "बापानं भात राखला, मी खुर्च्या राखतय," असं तो हसत सांगायचा. शेवंताबाई त्याच्या घरी लग्न होऊन आली तेव्हा ती शेती अजून होती. रोज सकाळी डोक्यावर न्याहारीची टोपली घेऊन ती बांधावरून सासऱ्याकडे जायची. पुढे बांध गेला, रस्ता आला आणि सासऱ्याच्या न्याहारीऐवजी नवऱ्याचा डबा आला. वाट मात्र तीच राहिली.

एका संध्याकाळी तिला निघायला उशीर झाला. जिताड्या माशाचं कालवण शिजता शिजेना आणि कच्चं कालवण नेईल ती शेवंताबाई कसली. ती रस्त्याच्या कडेला पोचते तोच तिसरी घंटा वाजली. आता दार बंद होणार आणि नवरा मध्यंतरापर्यंत उपाशी राहणार, म्हणून ती धावली. टेम्पोने ब्रेक मारला, पण उशिरा. डबा एकीकडे, ती एकीकडे.

त्या टेम्पोवाल्याचं नाव रावसाहेब. कोपरखैरण्याचा. तो पळून गेला नाही. त्याने शेवंताबाईला उचलून टेम्पोत घातलं, हॉस्पिटलात नेलं आणि कमळाकर येईपर्यंत तिथेच बाकावर डोकं धरून बसून राहिला. आजही गणपतीत त्याच्या घरी कमळाकरकडचे मोदक जातात. लोकांना याचं नवल वाटतं. कमळाकरला लोकांच्या नवलाचं नवल वाटतं. "त्यानं उचलली म्हनून ती हाय," एवढंच तो म्हणतो.

शेवंताबाईच्या मांडीत सळई बसली आणि चालीत लंगड. तिने कधी नवऱ्याला दोष दिला नाही, पण टोमणा मारायची संधीही सोडली नाही. "तुमच्या घंटेनं माझी तंगरी मोरली," असं ती चारचौघांत हसत सांगायची. कमळाकरही हसायचा. हसता हसता त्याचा चेहरा जसा व्हायचा तो मात्र फक्त तिलाच दिसायचा. त्यानंतर तिने तो रस्ता कधी ओलांडला नाही. बाजार, दवाखाना, लेकीचं घर, सगळं गावठाणाच्या बाजूने. नवऱ्याने हयात ज्या दारात काढली, त्या दाराच्या आत ती एकदाही गेली नाही. आधी घर आणि पोरं होती म्हणून आणि नंतर पाय होता म्हणून.

कमळाकरच्या निवृत्तीचं वर्ष आलं तेव्हा त्याच्या मनाने एकच गोष्ट धरली. आपण दारावर असताना हिने एकदा आत येऊन बसावं. आपण विजेरी मारावी आणि हिने आपल्या मागून चालत येऊन खुर्चीवर बसावं. हजारो अनोळखी माणसांना खुर्च्या दाखवल्या, घरचं एक माणूस राहून गेलं.

"मना काय करायचंय नाटक बगून?" शेवंताबाई म्हणाली. "घरान काय कमी नाटका हायेत?"

"रिक्षा करून आनतो तुना. यू टर्न मारून दारान सोरील."

"समोरच्या दारान जायाला रिक्षा? सगला गाव हसल. येन तं चालत येन, नाय तं नाय येनार." आणि एवढं बोलून तिने वाल सोलायला घेतले. विषय संपला असं दाखवायची तिची हीच पद्धत होती.

याच सुमारास महापालिकेला साक्षात्कार झाला की आपलं हे नाट्यगृह ऐतिहासिक आहे. शहरातलं पहिलं नाट्यगृह म्हणे. शहर नवं, त्यामुळे इथला इतिहासही नवाच असायचा. दारावर पाटी लागली. कमळाकरने ती वाचली आणि अभयला म्हणाला, "साहेब, माझा लगीन या इमारतीपेक्षा जुना हाय. माझ्या पन गल्यान एक बोर्ड घाला." पाटीच्या मागोमाग नाट्यगृहाभोवतीचा रस्ता सुधारायचा ठराव आला आणि ठरावाच्या मागोमाग हुदा आली.

हुदा करंजाड्याला राहणारी, नगररचना शिकलेली मुलगी. मूळ घराणं रायगडच्या किनाऱ्यावरचं. महापालिकेने नेमलेल्या कंपनीत कामाला. असे सर्वे करणारे पूर्वीही येऊन गेले होते. यायचे, फोटो काढायचे, जायचे. ही आली आणि टपरीच्या बाकड्यावर बसूनच राहिली. शनिवारचा प्रयोग झाला, रविवारचे दोन झाले. शेवटी रस्ता ओलांडून ती कमळाकरकडे आली.

"काका, एक विचारू? रागावू नका."

"इचारा की."

"इथे लोक थोडे थोडे करून क्रॉस करत नाहीत. बराच वेळ कोणीच येत नाही आणि मग सगळे एकदम पळतात. घंटा झाली की. आणि तुम्ही काचेतून बाहेर बघितल्याशिवाय घंटा देत नाही. बरोबर?"

इतक्या वर्षांत हे थेटरातल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. उशीर सगळ्यांनी मोजला, पण त्याचं कारण विचारावं असं एकालाही वाटलं नव्हतं. मग तिथेच कोनाड्यापाशी उभ्या उभ्या त्याने तिला सगळं सांगितलं. भोंगा, जिताडं, टेम्पो, रावसाहेब, सळई. हुदाने मधे एकदाही त्याला तोडलं नाही.

"म्हणजे या रस्त्याचा सिग्नल इतकी वर्षं तुमच्या बोटात होता," ती म्हणाली.

घरी गेल्यावर कमळाकरने हे वाक्य शेवंताबाईला जसंच्या तसं सांगितलं. त्या रात्री शेवंताबाईने त्याला भाकरी दोनदा वाढली.

महिन्याभराने गावदेवीच्या मांडवात सभा झाली. हुदाने भिंतीवर मोठा नकाशा लावला. रस्त्यावरच्या गाड्यांच्या लेन थोड्या अरुंद करायच्या, फूटपाथ रुंद करायचे, झाडांना नीट आळी करायची, बसायला बाक टाकायचे आणि नाट्यगृहाजवळच्या नाक्यापाशी "रेज्ड क्रॉसिंग" करायचं.

सगळ्यांत आधी उठला हरेश, कमळाकरचा पुतण्या. रस्त्याला लागून त्याचे चार गाळे भाड्याने दिलेले. "रस्ता बारीक केला तर माझ्या भाडेकरूंची गिऱ्हाइकं गाड्या काय डोक्यावर लावणार? आणि ते रेज्ड का काय, म्हणजे स्पीडब्रेकरच ना? कंबरडी मोडतील लोकांची."

"स्पीडब्रेकर नाही, दादा. चांगला रुंद असतो. म्हणजे बघा, माणसाने फूटपाथवरून खाली उतरायचंच नाही. फूटपाथ आहे त्याच उंचीवर सरळ पलीकडे जायचं. गाडीनेच हळू होऊन वर चढायचं आणि उतरायचं."

मांडवात कुजबुज झाली. कोणाला नीट कळलं नाही, पण तसं कबूल कोण करणार? तेवढ्यात मागे बायकांत बसलेली शेवंताबाई म्हणाली, "म्हन्जे बांध."

हुदा वळली. "काय म्हणालात, मावशी?"

"बांध गो. दोनी अंगाला चिखल आनि मानूस वरून सुका चालतय. माझ्या सासऱ्याच्या शेतान व्हता तसा. हितंच तं व्हता, आता रस्ता हाय तिथं. मधी एक करंजाचा झाड व्हता. मी तिथं टोपली टेकवाची, जरा दम घ्याची, मंग पुरं जायाची."

हुदाने पेन्सिल घेतली आणि नकाशावर रस्त्याच्या मधोमध एक गोल काढला. "मधे थांबायला जागा मी धरलीच होती," ती म्हणाली, "पण टोपली टेकवायला काही नव्हतं. आता ठेवते."

इथून पुढे जे झालं ते आमच्या गावठाणाशिवाय दुसरीकडे कुठे होणं शक्य नाही. क्रॉसिंग म्हटल्यावर हरेशला काही देणंघेणं नव्हतं. पण बांध म्हटल्यावर त्याचे कान टवकारले. बांध म्हणजे आजोबांचा बांध. बांधावरून आमच्याकडे सख्खे भाऊ बोलायचे बंद झालेत. हरेश तरातरा नकाशापाशी आला, बोट ठेवून निरखलं आणि म्हणाला, "ओ मॅडम, हे चुकलंय. तुम्ही नाक्याजवळ दाखवलंय. आमचा बांध तिकडं नव्हता. थेटराच्या बरोबर दारासमोर होता. बांधायचा तर जागेवर बांधा. इंचभर इकडेतिकडे चालणार नाही, सांगून ठेवतो."

"दारासमोर?"

"दारासमोर! विचारा काकीला."

हुदाने ओठ दाबून हसू आवरलं. नाक्याजवळचा पट्टा तिच्या वरच्या साहेबांचा हट्ट होता. लोक पळतात ते दारासमोरून, म्हणून तिला स्वतःला तो पहिल्यापासून दारासमोरच हवा होता. आता तिच्या बाजूने अख्खं गावठाण उभं राहिलं होतं. सभेच्या शेवटी पार्किंगचं नावही कोणी काढलं नाही. सगळे जण आजोबांचा बांध नेमका किती रुंद होता यावर भांडत घरी गेले.

काम सुरू झालं आणि अर्थातच रखडलं. आधी खडी आली, मग खडी तशीच पडून राहिली. मग कोणाची तरी केबल तुटली. कमळाकर रोज दारातून बघायचा आणि मनातल्या मनात निवृत्तीची तारीख मोजायचा. गावदेवीला त्याने नारळही बोलून ठेवला होता. शेवंताबाईला विचारायची हिंमत मात्र झाली नाही. पुन्हा नाही म्हणाली असती तर त्याला ते पेललं नसतं.

अखेर त्याच्या शेवटच्या रविवारच्या आधी काम पुरं झालं. लालसर फरशीचा रुंद, उंच पट्टा नाट्यगृहाच्या पायरीपासून निघून सरळ गावठाणाच्या तोंडाशी गेला. मधे थांबायला चांगली ऐसपैस जागा, त्यात करंजाचं एक लहान रोप आणि त्याच्याजवळ कमरेएवढ्या उंचीचा एक घडीव दगड. कागदोपत्री त्याला काय नाव आहे देव जाणे, गावात सगळे बांधच म्हणतात. पहिल्याच दिवशी कोणी तरी त्यावर मोटार लावली, तेव्हा हरेश गाळ्यातून ओरडत धावला, "ए, आमच्या बांधावर गाडी लावतो? काढ आधी!" ती मोटार त्याच्याच भाडेकरूच्या गिऱ्हाइकाची होती.

रविवारी चारचा प्रयोग होता. कमळाकर नवा शर्ट घालून आला. अभयने त्याच्यासाठी हार आणून ऑफिसात ठेवला होता. पहिली घंटा झाली. बाहेर टपरीवर तोबा गर्दी होती. दुसरी झाली. आणि कमळाकरच्या लक्षात आलं की काही माणसं चहा संपवून सावकाश चालत यायला लागलीत, गप्पा मारत, फरशीवरून, आपल्या ओसरीवर फिरावं तशी. पळायचं कारणच उरलं नव्हतं. टपरीजवळच्या बाकावर हुदा बसली होती. तिने लांबूनच हात केला. कमळाकरने दोन्ही हात जोडले. तिला ते काचेतून दिसले की नाही कोण जाणे, पण त्याला जोडल्यावाचून राहवलं नाही.

तेवढ्यात पलीकडे हिरवं लुगडं दिसलं.

शेवंताबाई गावठाणाच्या तोंडाशी उभी होती. हातात डबा. तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि बांधावर पाऊल टाकलं. पाय ओढत, थांबत थांबत ती मधल्या जागेपर्यंत आली. तिथे तिने डबा दगडावर टेकवला आणि पदराने तोंड पुसलं.

कोनाड्यात तांबडा दिवा लागला.

"काका," अभय मागून म्हणाला, "आज शेवटचा दिवस. आज तरी वेळेवर होऊ द्या."

कमळाकरचं बोट बटणावर होतं आणि दाबलं जात नव्हतं. ती रस्त्यात होती. घंटा वाजली आणि ती पुन्हा धावली तर? त्याने काचेला नाक लावलं. पलीकडे शेवंताबाईने मान वर करून बरोबर त्याच्याकडेच पाहिलं. इतकी वर्षं नवऱ्याचा हात कशासाठी अडतो ते तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तिने हात उंच केला आणि एक बोट हवेत दाबून दाखवलं. वाजव.

कमळाकरने बटण दाबलं. भोंगा वाजला, पार खाडीपर्यंत ऐकू जाईल असा.

शेवंताबाई धावली नाही. तिने डबा उचलला, पदर सारखा केला आणि आपल्या चालीने चालू लागली. एक टेम्पो बांधाच्या कडेला येऊन थांबला. त्याच्यामागे बस थांबली, बसच्या मागे दोन मोटारी. कोणी हॉर्न वाजवला नाही. सगळ्यांनी मिळून एका लंगडणाऱ्या बाईची वाट पाहिली. काचेआड कमळाकरला पुढचं काही नीट दिसेना. डोळे वाहत होते आणि त्याने ते पुसलेही नाहीत.

ती पायरी चढून दारात आली. आत पडदा वर गेला होता. अभयने घड्याळ पाहिलं, मग कमळाकरकडे पाहिलं आणि स्वतः दाराची एक फळी धरून उभा राहिला.

"उशीर झाला का?" शेवंताबाईने विचारलं.

"नाय," कमळाकर म्हणाला. "आज येलेवर हाय."

तिने डबा त्याच्या हातात दिला. अजून गरम होता.

"जिताड्याचा कालवन हाय," ती म्हणाली. "त्या दिवशीचा राहिला व्हता."

कमळाकरने डबा दोन्ही हातांनी घेऊन कोनाड्यात बटणाखाली ठेवला. मग विजेरी पेटवली, तिच्या पावलांपुढे उजेड धरला आणि तिच्या चालीने, हळूहळू, तिला तिच्या खुर्चीकडे घेऊन गेला.